आधी वजन, मंग बोला

माझं खरं वजन जगात एकाच माणसाला माहीत आहे, आणि तो माणूस माझा नवरा नाही. त्यांचं नाव उत्तम दाभाडे. आमच्या मालकांच्या विमानाचे इंजिनिअर.

हो, विमानच. नवीन जालन्यातल्या बियाण्याच्या कंपनीला विमान कशाला, हे मला इतक्यांनी विचारून झालंय की आता मी उत्तरच देत नाही. आमच्या मालकांना, आप्पांना, हौस! हौसेला मोल नसतं. त्यांनी चार माणसांचं, एका इंजिनाचं जुनं विमान घेतलं, गावाबाहेरच्या धावपट्टीजवळ पत्र्याचं शेड उभं केलं, आणि वर्षभर जालन्यात दुसरा विषय नव्हता. ऑफिसात इंग्रजी पत्रव्यवहार मी बघते, म्हणून विमानाची फाईल माझ्या गळ्यात पडली आणि फाईलबरोबर दाभाडे सर आले.

दिसायला अगदी साधे. पासष्टी उलटलेली, अंगानं काडी, पांढरा शर्ट, खिशाला एक पेन आणि एक बोटभर टॉर्च. मूळचे शहागडचे. चाळीस वर्षं मोठमोठ्या विमानतळांवर विमानांच्या पोटाखाली घालवून गावाकडं परत आले होते, तिथून आप्पांनी त्यांना आग्रहानं आणलं. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "सर, तुमचं टेबल कुठं लावू?"

"टेबल नको ताई. एक वजनकाटा द्या."

आमच्याकडं वजनकाट्याला काय तोटा? गोदामातला पोती तोलायचा काटा शेडमध्ये गेला तो तिथलाच झाला. त्या दिवसापासून विमानात जे जाणार ते आधी काट्यावर चढणार. माणूस, बॅग, पाण्याची बाटली, आप्पांचा पानाचा डबासुद्धा. आमची पायलट, कॅप्टन मॅडम, नाशिककडची शांत पोरगी, ती हसत चढायची. आप्पा पोट आत ओढून चढायचे. "आप्पा, पोट आत घेतल्यानं काटा फसत न्हाई," सर मान वर न करता म्हणायचे आणि वहीत आकडा लिहायचे. मी त्या काट्याच्या वाऱ्यालाही उभी राहिले नाही. मला कुठं उडायचंय, म्हणायचे.

"नका चढू," सर म्हणाले, "पण ज्या दिवशी उडायचं त्या दिवशी आधी वजन, मंग बोला."

स्वतः ते कधीच विमानात बसले नाहीत. चाचणीच्या उड्डाणातसुद्धा माणसांच्या जागी बियाण्याची पोती बांधायचे आणि आपण खाली स्टुलावर. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "मला जे खालून दिसतं ते वरून दिसत न्हाई, ताई."

त्यांच्यापुढं एक शब्द उच्चारायची चोरी होती. 'चालतंय.' आपल्याकडं तर या शब्दावर अख्खा जिल्हा चाललाय. शेडमधला कुणी म्हणाला, सर, एक स्क्रू सैल आहे पण चालतंय, की सर हातातलं काम खाली ठेवायचे. "चालतंय ते बैलगाडीला. याला रस्त्याच्या कडंला थांबता येत न्हाई." पाने, पकडी, सगळी मिळून एकोणीस हत्यारं एका जुन्या चादरीवर मांडायचे. काम सुरू करताना मोजायचे, संपल्यावर मोजायचे. एकदा अठराच भरली. संध्याकाळ झाली, विमानाचं पोट उघडून झालं, आप्पांचे तीन फोन येऊन गेले. शेवटी ती पकड शेडच्या दारामागं सापडली. आम्ही सगळे वैतागलो होतो. सर मात्र खुश. "बघा, बाहेरच व्हती! आता झोप लागंल."

आणि मी काय दिवे लावले तेही सांगते. पहिल्या वर्षीच्या खंडेनवमीला आपल्याकडं जशी सगळ्या यंत्रांची पूजा होते तशी विमानाची करायची ठरली. सर त्या दिवशी शहागडला गेले होते. पूजा माझ्या हातून. मी आपली मन लावून सजावट केली. पंखाखाली एक बारीक नळी होती, तिला कसली तरी लाल चिंधी बांधलेली. शुभदिवशी चिंधी बरी दिसेना, म्हणून काढून टाकली आणि नळीवर अक्षता टाकल्या. विमानाच्या कुशीला एक इवलंसं भोक होतं, इतकं सुबक, की तिथं मी हळदीकुंकवाचं बोट चांगलं दाबून लावलं. सगळे म्हणाले, वा, काय शोभतंय!

दुसऱ्या दिवशी आप्पांना हैदराबादला जायचं होतं. सकाळी सर आले, टॉर्च काढला, त्या नळीत पाहिलं, मग त्या भोकात पाहिलं, आणि कॅप्टन मॅडमला म्हणाले, "बेटा, आज विमान निघत न्हाई." आप्पा भडकले. पायलटला आपण किती वेगानं आणि किती उंचावर चाललोय हे त्या नळीतल्या आणि त्या भोकातल्या हवेवरून कळतं, हे मला त्या दिवशी समजलं. मला वाटलं, आता चारचौघांत माझी शोभा होणार. सरांनी विचारलंसुद्धा नाही की हे कुणी केलं. माझ्या उजव्या हाताच्या लाल बोटाकडं एकदा बघितलं, बस्स. दिवसभर सगळं उकलून, फुंकून, पुसून, तपासून संध्याकाळी माझ्यापाशी आले.

"ताई, पुढच्या साली बी पूजा करा. पण हार, कुंकू, नारळ, सगळं चाकाला. चाकाला काय बी लावा, ते बिचारं ऐकून घेतं."

सर स्वतः बुद्धाला मानणारे, खंडेनवमीचं त्यांना काही नाही. पण त्यानंतर दरवर्षी त्यांनीच माझ्यासाठी चाक धुऊन ठेवलं.

आता मूळ गोष्टीकडं येते. दोन वर्षांपूर्वी आप्पांनी विमान सुधारायचं काढलं. त्यामागं कारण होतं. आप्पांची आई, जिला सगळे माय म्हणतात, तिला त्यांनी शब्द दिला होता की येत्या अक्षय्य तृतीयेला तुला विमानात बसवून तुझं माहेर वरून दाखवतो. मायचं माहेर गोदाकाठचं, शहागडच्या अलीकडं. आप्पांनी माझ्या टेबलावर रंगीत पुस्तिकांचा ढीग ओतला. मोठं इंजिन, चाकावरची टोपणं, चामड्याच्या खुर्च्या, टीव्हीएवढा पडदा. "ताई, सगळ्यांना पत्रं टाका. वेग वाढला पाहिजे."

सरांनी त्या पुस्तिका चाळल्या आणि आप्पांना तीनच प्रश्न विचारले. "कुठं जायचं? कधी जायचं? कोण कोण बसणार?"

"म्हणजे?"

"म्हणजे लग्नाची खरेदी करून राह्यलो का आपण? वेग कामून पायजे? हैदराबादला दहा मिनिटं आधी पोचता, अन् मंग गाडी येईस्तोवर अर्धा घंटा उभे राहता. आपली अडचण वेगाची न्हाई आप्पा. आपली अडचण उन्हाळ्याची हाय. जालन्याच्या उन्हात हवा पातळ होती, नाकावरच्या पंख्याला धरायला काय राहत न्हाई, अन् इंजिन तापतं. मोठं इंजिन म्हणजे आणखी वजन, आणखी तेल, आणखी ताप."

मग महिनाभर आम्ही दोघांनी ते काम केलं. मी पत्रं लिहायची, ते एकेक ओळ वाचायचे. एका विक्रेत्यानं फार गोड बोलून अर्ध्या दरात पंखा देऊ केला, खोकं धाडूनही दिलं. पण तो पंखा आमच्या जातीच्या विमानाला मंजूर असल्याचा कागद काही त्याच्याकडून येईना. "कागद न्हाई तर पाना न्हाई," म्हणून सरांनी तो परत पाठवला, खोकं न उघडता. शेवटी चार गोष्टी निवडल्या. वर चढायला जोर देणारा पंखा. पंखांच्या वरच्या अंगाला चिकटवायची बोटभर उंचीची छोटी पाती, त्यानं हवा पंखाला धरून राहते म्हणे. प्रत्येक सिलिंडर किती तापलंय ते वेगळं दाखवणारं एक लहान यंत्र. आणि इंजिनाभोवतीचे रबरी पडदे नवे, म्हणजे गार हवा वाट चुकून बाहेर जाणार नाही. आप्पांचं तोंड एवढंसं झालं. एवढा खर्च करून बाहेरून दिसणार काय, तर काहीच नाही!

पाचवी गोष्ट फुकटची होती, आणि सरांना तिचाच जास्त अभिमान. त्यांनी विमानातून नको ते काढायला घेतलं. बंद पडलेला रेडिओ, तुटक्या वायरींची भेंडोळी, जाड सतरंजी, पाठीमागच्या कप्प्यात आप्पांनी वाटायला ठेवलेली कंपनीची कॅलेंडरं, मागच्या मालकाच्या काळातल्या चार लोखंडी राखदाण्या. प्रत्येक वस्तू काट्यावर. बेरीज भरली बेचाळीस किलो. सर त्या ढिगाकडं बघत म्हणाले, "ताई, एक माणूस उतरला, अन् कुणाला उतर म्हणावं लागलं न्हाई." त्यांना इतकं मोठ्यानं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

मग चाचण्या. धावपट्टीच्या कडेला त्यांनी कबड्डीच्या मैदानासारख्या फक्कीनं रेघा मारल्या आणि स्टूल टाकून, थर्मामीटर घेऊन, कोणत्या रेघेला चाक जमीन सोडतं ते लिहीत बसले. सकाळी, दुपारी, पोती भरून, पोती काढून. आधी सकाळी सहाव्या रेघेला उठणारं विमान आता पाचव्याच्या आत उठायला लागलं. मला विमानातलं ओ की ठो कळत नाही, पण ते पाचव्या रेघेला उठलं तेव्हा मी ऑफिसची बाई आहे हे विसरून टाळ्या वाजवल्या.

अक्षय्य तृतीया आठ दिवसांवर आली आणि आप्पांनी कार्यक्रम सांगितला. चार जिल्ह्यांतले व्यापारी, सगेसोयरे, मांडव, पंगत. पाहुणे अकरापर्यंत येणार, साडेबाराला उड्डाण. विमानात कॅप्टन, माय, आप्पा आणि आप्पांचे मेहुणे. मेहुणे म्हणजे आप्पांचंच दुसरं माप.

सरांनी वहीत बेरीज केली. "सकाळी सहाला, मेहुण्यांना सोडून, बराबर जमंल. दुपारी साडेबाराला न्हाई."

"का? नवा पंखा कशाला बसवला मग? दुपारी पोती घेऊन उठलंच की!"

"उठंल. आज बी उठंल. पण भर उन्हात एवढं वजन घेऊन चढताना तीन नंबरचं सिलिंडर तापतंय. चाचणीत दोनदा तापलं. हे बघा, लिवलंय."

"थोडं तापलं तर काय होतंय? चालतंय!"

सरांनी हातातली वही खाली ठेवली. मी डोळे मिटून घेतले. सर खालच्या आवाजात म्हणाले, "आप्पा, डोळ्याला आता कमी दिसतं. ही आखिती झाली की मी सही करणं बंद करणार, हे तुमाला सांगितलंय. एवढ्या वर्षांतली ही शेवटची सही. ती खोटी करायला सांगू नका."

"मग दुसरा इंजिनिअर आणीन," आप्पा म्हणाले. रागाच्या भरात म्हणाले, पण म्हणाले. सरांनी एकोणीस हत्यारं मोजली, चादरीत गुंडाळली, किल्ली माझ्या हातात दिली आणि पुढच्या एसटीनं शहागडला निघून गेले. त्यांची सही नाही म्हणजे विमान जागचं हलणार नाही. वहीत तर त्यांनी स्वच्छ लिहून ठेवलेलं, ती वही वाचून दुसरा कुणी सही करायला धजणार नव्हता. मला आप्पांचा इतका संताप आला होता की दोन दिवस मी त्यांच्या केबिनमध्ये चहासुद्धा पाठवला नाही.

तिसऱ्या दिवशी आप्पांनीच बोलावलं. "ताई, तुम्ही जा. तुमचं ऐकतील." गाडी निघणार तेवढ्यात माय काठी टेकत आली आणि पुढच्या सीटवर बसली. कुणाला विचारलं नाही, पुसलं नाही.

सरांचं घर महामार्गाच्या आत, दोन खोल्यांचं, लखलखीत. ओट्यावर सर तांदूळ निवडत बसले होते. मायला पाहून गडबडून उठले.

मायनं बसायच्या आधीच विचारलं, "खोट माझ्यात हाय का विमानात?"

"कुणातच न्हाई माय. खोट दुपारच्या उन्हात हाय. तुमी बैल भर दुपारी नांगराला ठेवता का?"

"दुपारी सोडत्यात बैल."

"एवढंच म्हणलो मी."

माय तोंडाचं बोळकं उघडून हसली. "आन् आखितीला तर अख्खा दिस मुहूर्त असतो. मंग दुपारच कामून? पाव्हण्यांला दाखवायला! आप्पा लहानपणापासून असाच हाय, नवी चड्डी घातली की आधी गावात फिरून यायचा." मग तिनं डोळे बारीक करून सरांकडं पाहिलं. "तू कुणाचा रे? सखारामाचा का? आमच्या बापाच्या रानात सालदार व्हता."

"त्याचाच. तुमच्या उगवतीच्या अंगाची हिर त्यानंच खंदली."

माय काठीच्या मुठीवरून हात फिरवत राहिली. "हिर त्यानं खंदली," ती म्हणाली, "आन् पाणी आमी त्याला वरून वतलं. मी पण वतलंय, ल्हान व्हते तवा. घागरीला हात लावू देत नव्हते त्याला." मी खाली बघत राहिले. मग माय म्हणाली, "पाणी दे बरं मला."

सरांनी आतून तांब्या-भांडं आणलं. मायनं भांडं बाजूला ठेवलं, तांब्याच उचलला आणि घटाघटा प्याली. पदरानं तोंड पुसून म्हणाली, "सकाळी सहाला. आन् माझ्यासंगं विमानात तू बसायचं. आप्पा खाली थांबंल."

"माझं वजन..."

"तुझं वजन मी धरलंय," माय म्हणाली.

अक्षय्य तृतीयेच्या दिवशी पहाटे शेडमध्ये आप्पा आमच्या आधी हजर होते. सरांसमोर जाऊन म्हणाले, "माझं चुकलं सर." चार नोकरांदेखत म्हणाले, हेही सांगितलं पाहिजे. सरांनी त्यांचा हात नुसता दाबला. मग मायनं आणखी एक फर्मान काढलं, "ही पोरगी माझ्याशेजारी बसंल. मला धरायला कुणीतरी बाईमाणूस पायजे." पोरगी म्हणजे मी, वय वर्षं त्रेपन्न!

काटा समोर होता. सगळा स्टाफ उभा होता. सर वही घेऊन उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नव्हती, पण डोळे हसत होते. मी चपला काढल्या आणि चढले.

"पर्ससकट का पर्स सोडून?"

"पर्ससकट लिहा, सर. एकदाच काय ते होऊन जाऊ द्या."

त्यांनी आकडा असा हाताआड करून लिहिला की शेजारी उभ्या आप्पांनाही दिसला नाही. कॅप्टन मॅडमला फक्त बेरीज सांगितली, हद्दीच्या आत बसलेली. त्या वहीत मी नंतर डोकावले. चौथं नाव उत्तम सखाराम दाभाडे, पुढं बावन्न किलो. त्यांनी स्वतःचं नाव त्या यादीत लिहिलं ते तेवढं एकदा. खाली सही.

पाचव्या रेघेला आम्ही जमीन सोडली. मी मोजत होते. सर पुढं कॅप्टनशेजारी, आम्ही दोघी मागं, मायनं माझं मनगट इतकं घट्ट धरलेलं की बांगडी रुतली. थोड्या वेळानं खाली गोदावरी आली, उन्हाळ्यातली, वाळूतून निघालेली. काठची रानं, आणि एका रानात एक गोल काळा ठिपका.

"ती बघ," माय हेडफोनमध्ये ओरडली, ऐकू येतं हे तिला पटतच नव्हतं. "तुझ्या बापाची हिर!"

सरांनी वाकून पाहिलं. चष्मा काढला, पुसला, घातला, परत पाहिलं. कॅप्टन मॅडमनं न सांगता विमान त्या विहिरीभोवती एकदा सावकाश फिरवलं. ते पाठमोरे होते, चेहरा मला दिसला नाही. माझ्या मात्र डोळ्यांना धार लागली होती आणि मला त्याची लाज वाटली नाही. मग सर समोरच्या त्या लहान यंत्राकडं वळले आणि म्हणाले, "माय, तीन नंबर थंड हाय."

खाली उतरलो तेव्हा ऊन नुकतं चढत होतं. आप्पांनी मायसाठी झेंडूचा हा मोठा हार आणला होता. मायनं तो गळ्यातून काढला आणि सरांच्या गळ्यात घातला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि सगळ्यात जोरात मीच. सर भलतेच अवघडले. त्यांनी त्या संध्याकाळी जालना सोडलं, आणि आता शहागडहून फक्त त्यांचा फोन येतो, ताई, पूजा चाकाला का, म्हणून. पण मला ते दिसतात ते त्या सकाळचेच. टाळ्या थांबायच्या आत त्यांनी तो हार गळ्यातून काढला, वाकून विमानाच्या चाकाला घातला, आणि खिशातून टॉर्च काढून पंखाखालच्या नळीत बघायला लागले.